सशाचे निर्बीजीकरण आणि आपले उत्तरदायित्व

या पृष्ठावर सशाचा विषय पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. ‘माणसाला औषध मिळत नाही आणि तुम्ही सशाच्या शस्त्रक्रियेवर लिहिता’, असे एका जुन्या स्नेह्याने मला तोंडावर ऐकवलेच आहे. आक्षेप गैर नाही. परंतु ज्या जिवाला आपण पैसे मोजून पिंजऱ्यात आणतो, त्याच्या वेदनेचा हिशेब कुणाच्या नावे मांडायचा, हा प्रश्न तेवढ्याने निकालात निघत नाही.

दोन वर्षांपूर्वी नातीच्या हट्टापायी पुण्यातील एका दुकानातून आम्ही सशाची दोन पिले आणली. दोन्ही नर आहेत, असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते. कोवळ्या वयात सशाचे लिंग ओळखणे अवघड असते, आणि या बाबतीत दुकानदाराचे ज्ञान आमच्याहून अधिक नव्हते. चौथ्या महिन्यात त्यांपैकी ‘एका नराने’ अंगावरचे केस उपटून घरटे केले आणि सात पिलांना जन्म दिला. मादी व्याल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते, हे आम्हांला ठाऊक नव्हते. नर शेजारीच होता. एकतीस दिवसांनी आणखी सहा पिले झाली. ही तेरा पिले आम्ही ओळखीपाळखीत वाटली. आज त्यांतील पाचांचाच ठावठिकाणा मला सांगता येतो. उरलेल्या आठांचे काय झाले असावे, याचा विचार मी टाळत आलो आहे.

फिबोनाचीने १२०२ सालच्या आपल्या ग्रंथात घातलेल्या कोड्यात सशांच्या एका जोडीच्या वर्षाअखेर ३७७ जोड्या होतात. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला हे गणित आवडते, कारण त्यातले ससे मरत नाहीत, खात नाहीत आणि त्यांना ठेवायला कुणाची गॅलरी लागत नाही.

निर्बीजीकरणाचा निर्णय घेतला तेव्हा घरातूनच विरोध झाला. हा शब्द ऐकताच आमच्या पिढीला १९७६ आठवते. त्या वर्षी मी महाविद्यालयात नुकताच दाखल झालो होतो. १९७६-७७ मध्ये देशात ऐंशी लाखांहून अधिक माणसांच्या नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांत सक्ती किती होती, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको. परंतु माणसाच्या संमतीचा प्रश्न सशाला लावणे हा विचाराचा गोंधळ आहे. संमती नसताना आपण त्याला पिंजऱ्यात घातले, ती सक्ती आधीच होऊन गेली आहे. ‘निसर्गात ढवळाढवळ नको’ म्हणणाऱ्यांनी बैल खच्ची करण्याची आपली परंपरा आठवावी. तेथे हेतू आपल्या कामाचा असतो, येथे निदान काही अंशी प्राण्याच्या हिताचा आहे. निर्बीजीकरण न झालेल्या मादीला वाढत्या वयात गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण फार मोठे आहे. नरांचे आपसातील चावे आणि घरभर मूत्राचे फवारे हे प्रकारही शस्त्रक्रियेने बहुधा थांबतात.

धोका नाही असे मात्र कुणी म्हणू नये. ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीत (२००८) भूल देण्याशी निगडित मृत्यूंचे प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के, तर सशांत १.३९ टक्के आढळले. म्हणूनच सशाचा अनुभव असलेला डॉक्टर शोधणे ही पहिली पायरी ठरते. आम्ही ती चुकवली. नराची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. मादीच्या वेळी मात्र दवाखान्यातून सांगण्यात आले, ‘आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा.’ कुत्र्यामांजरांना भूल देताना उलटीच्या भीतीने उपाशी ठेवतात. सशाला उलटी होतच नाही, आणि त्याचे आतडे अन्नावाचून थांबले की जिवावर बेतते. शस्त्रक्रियेनंतर ती पाठीची कमान करून कोपऱ्यात बसली, दात करकर वाजवू लागली, आणि सकाळपर्यंत पिंजऱ्यात एकही लेंडी पडली नाही. ती करकर वेदनेची असते, हे दुसऱ्या दवाखान्यातील तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितले. त्यांनी वेदनाशामक दिले, पोटात अडथळा नसल्याची खात्री केली आणि खाद्याची भुकटी पाण्यात कालवून, सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या कडेने थोडीथोडी भरवायला शिकवले. दोन रात्री आम्ही नवराबायको पाळीपाळीने जागलो. तिसऱ्या पहाटे लेंड्या दिसल्या. लेंड्या पाहून एवढा हर्ष आयुष्यात प्रथमच झाला.

बाकी शुश्रूषा कठीण नाही, पण त्यात सवलत नाही. जागा ऊबदार, कोरडी व शांत हवी. ओल्या, मळक्या केसांवर माश्या अंडी घालतात. टाके रोज पाहावेत आणि आठवडा-दहा दिवस उड्या मारू देऊ नयेत. वेदनाशामक डॉक्टर सांगतील तितके दिवस द्यावे. ससा आपले दुःख लपवतो, त्यामुळे ‘शांत बसला आहे’ हे बरे असल्याचे लक्षण नव्हे. हरळी आणि सुके गवत सदैव पुढ्यात असावे. बाजारात सहज मिळणारा लसूणघास मोठ्या सशाला रोजचा आहार म्हणून योग्य नाही, आणि गाजर हा त्याचा खाऊ आहे, जेवण नव्हे. नर शस्त्रक्रियेनंतरही चार ते सहा आठवडे प्रजननक्षम राहू शकतो, तोवर त्याला मादीपासून दूर ठेवावे.

आता खर्चाचे. दोन सशांना आम्ही जी किंमत मोजली, तिच्या कितीतरी पट रक्कम या दोन शस्त्रक्रियांना आणि त्यांनंतरच्या उपचारांना लागली. विक्रेत्याने नफा घेतला, परिणाम विकत घेणाऱ्याने भोगले, आणि त्याने हात झटकले तर ते मुक्या जिवाने भोगले. पिगूने १९२० साली ‘कल्याणाचे अर्थशास्त्र’ लिहिताना ज्या विसंगतीवर बोट ठेवले, तीच ही आहे: किमतीत खरा खर्च उतरतच नाही. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे केंद्रीय नियम आहेत, त्यांनुसार दुकानाची नोंदणी बंधनकारक आहे. मागणी आणखी पुढे जायला हवी. विकलेल्या प्राण्याचे लिंग आणि वय पावतीवर लिहून द्यावे, आणि ते खोटे ठरले तर शस्त्रक्रियेचा खर्च दुकानाने सोसावा. आपले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने गाय, म्हैस, शेळी डोळ्यांपुढे ठेवून उभे राहिले. ते योग्यच होते, आणि त्यांच्या कामात कपात करावी असे मी म्हणणार नाही. परंतु शहरांतील सार्वजनिक दवाखान्यांत लहान प्राण्यांच्या शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेतलेला एक तरी डॉक्टर असावा; नाहीतर ही सोय फक्त पैसेवाल्यांच्या सशांनाच मिळेल.

तोवर ज्यांच्या घरी ससा आहे, त्यांनी डॉक्टरांना तीन गोष्टी आधीच विचाराव्यात: आजवर किती सशांवर शस्त्रक्रिया केली, वेदनाशामक किती दिवस देणार, आणि रात्रभर उपाशी ठेवायचे का? तिसऱ्याचे उत्तर ‘होय’ आले, तर ससा घेऊन सरळ घरी परतावे आणि दुसरा डॉक्टर शोधावा.