आधी गाळणी, मग भोंगा!

दरवर्षी प्रोजेक्ट एक्झिबिशनला टाकीची पातळी किंवा शेतातला ओलावा सांगणारी दोन-तीन वायरलेस सर्किटं असतातच. लॅबमध्ये झकास चालतात, होस्टेलच्या गच्चीवर नेली की मुकी! मग ठरलेला उपाय: मोठा अँटेना लावा, पुढे एलएनए जोडा. माझं मत विचाराल तर टॉवरशेजारी हा उपाय नव्हे, दुखणं वाढवणं आहे.

कारण बघा. अशा कमी पॉवरच्या मोड्यूलसाठी आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली विनापरवाना खुला झाला. २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला. आणि ८६९ पासून मोबाईल टॉवरचं प्रक्षेपण सुरू. अगदी भिंतीला भिंत! समजा, टॉवरचा सिग्नल उणे २० डीबीएमने येतोय आणि आपला सेन्सर उणे १२० वर कुजबुजतोय. फरक १०० डीबी, म्हणजे एक हजार कोटी पट. डीजेसमोर उभं राहून कुणी कानात निरोप सांगावा, तशी गत. एलएनए दोघांनाही वाढवतो आणि स्वतःच दबून जातो. मग आतला डिजिटल फिल्टर कितीही हुशार असो, काय उपयोग?

फ्रिसचं सूत्र आपण व्हायव्हासाठी घोकतो: नॉइज कमी हवा तर एलएनए सर्वांत आधी. बरोबर आहे, पण त्या सूत्रात शेजारचा टॉवर धरलेला नाही. सॉ फिल्टर आधी लावला तर दोन-तीन डीबी जातात हे मान्य. पण रिसीव्हर बहिरा होण्यापेक्षा ते परवडलं. अर्थात १ मेगाहर्ट्झच्या फटीत स्वस्त फिल्टर पूर्ण पुरत नाही. तिथे कॅव्हिटी फिल्टर हवा, नाहीतर अँटेना सरळ पाण्याच्या टाकीआड, टॉवरकडे पाठ करून बसवावा. हा उपाय फुकटातला!

निदानही सोपं आहे. अँटेनानंतर १० डीबीचा अॅटेन्युएटर लावा. सिग्नल कमी करूनही पॅकेट जास्त यायला लागले, तर गुन्हेगार ओव्हरलोडच.

सरांना एक विनंती. रिव्ह्यूमध्ये "रेंज किती?" हे जरूर विचारा, पण "टॉवरशेजारी काय होतं?" हेही विचारा. आणि कपाटातला स्पेक्ट्रम अॅनालायझर एक दिवस गच्चीवर येऊ द्या. प्रोजेक्टला मार्क लॅबमध्ये मिळतात, पण शेतकऱ्याची मोटर बाहेरच्या हवेतच चालू व्हायची असते.