उष्ण हवेची सबब पुरे झाली

नवी मुंबईतल्या डेटा सेंटरच्या विजेचा विषय निघाला आणि या आठवड्यात पुन्हा तेच उत्तर ऐकावं लागलं: युरोपात थंडी आहे, आपल्या दमट हवेत सर्व्हर गार ठेवायला वीज लागणारच. या अर्धसत्यावर धोरण उभं राहतं, याचा मला संताप येतो. तुलना करायची तर सिंगापूरशी करा. विषुववृत्ताला खेटलेल्या, बारमाही दमट अशा त्या बेटाने 2019 मध्ये नव्या डेटा सेंटरना मनाई केली, कारण देशाची सुमारे 7 टक्के वीज डेटा सेंटरच खात होती. 2022 मध्ये मनाई उठली ती अट घालून: पीयूई, म्हणजे एकूण वीज भागिले संगणकांची वीज, 1.3 च्या वर जाता कामा नये. म्हणजे संगणकांना 100 युनिट लागत असतील, तर शीतकरण, यूपीएस, दिवे हे सारं 30 युनिटांत भागवायचं. 2023 मध्ये तिथे उष्ण प्रदेशासाठी वेगळं मानकही आलं. बहुतेक केंद्रं 22 अंश किंवा त्याहून थंड ठेवली जात. ती टप्प्याटप्प्याने 26 अंशांपर्यंत न्यायची. दर अंशामागे शीतकरणाची 2 ते 5 टक्के वीज वाचते. यंत्रांना यात धोका नाही, कारण सर्व्हरमध्ये शिरणारी हवा 27 अंशांपर्यंत चालते, अशी अ‍ॅश्रे या तांत्रिक संस्थेची शिफारस 2008 पासून आहे. आपल्याकडे घरातल्या नव्या एसीचं मूळ तापमान 2020 पासून सरकारी नियमाने 24 अंश आहे. जो नियम कुटुंबाला लागतो, तसा नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेच्या सर्व्हर हॉलला का नसावा?

यावर डेटा सेंटरचे चालक म्हणतात, सर्व्हर भाडेकरूंचे असतात आणि करारात थंड हॉल मागितलेला असतो. अडचण खरी आहे. एकट्या चालकाने तापमान वाढवलं तर ग्राहक शेजारच्या इमारतीत जाईल. म्हणूनच नियम सगळ्यांना सारखा हवा, आणि तो शासनानेच करायला हवा. दुसरी भीती गुंतवणूक चेन्नई-हैदराबादला जाण्याची. पण समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्यावर येतात, बँका आणि शेअर बाजार इथेच आहेत. हे आकर्षण एका अटीने संपत नाही. सिंगापूरच्या कडक अटींनंतरही वीसहून अधिक प्रस्ताव आले, मंजूर झाले चार.

मात्र पीयूईवरच थांबणं चुकीचं ठरेल. हा आकडा इमारतीचा जादा खर्च मोजतो, संगणकाचं काम मोजत नाही. रिकामे फिरणारे सर्व्हर त्यात खपून जातात. कूलिंग टॉवरमध्ये पाण्याची वाफ करून विजेचा आकडा सुधारता येतो, आणि भार पाणीपुरवठ्यावर पडतो. म्हणून माझा जुना आग्रह पुन्हा मांडतो: वीज, पाणी आणि सर्व्हरचा प्रत्यक्ष वापर, तिन्ही आकडे दरवर्षी जाहीर व्हावेत. युरोपीय संघाने 500 किलोवॉट आणि त्यावरच्या केंद्रांना ऊर्जा आणि पाण्याची माहिती देणं बंधनकारक केलं आहे. महाराष्ट्र डेटा सेंटरना वीज शुल्कात सवलत देतो. ज्याला लोकांच्या तिजोरीतून सवलत मिळते, त्याने लोकांना हिशेब द्यावा. जो देणार नाही, त्याची सवलत पुढच्या वर्षी बंद करावी.