पाण्यास बांध नाहीं

मनुष्याचा व सृष्टीचा संबंध काळानुरूप कसा पालटला, हें पाहण्यास आम्हां शेतकऱ्यांस दूर जावयास नको. आपल्या पाण्याचा इतिहास पुरेसा आहे.

खानदेशांत पांझरा व नाशिककडे मोसम या नद्यांवर बंधारे बांधून ३०० वर्षांहून अधिक काळ फडपद्धति चालत आली. पाटाखालील जमिनीचे फड पाडीत. कोणत्या फडांत ऊंस व कोणत्यांत हंगामी पीक घ्यावयाचें, हें नदीचें पाणी पाहून सर्व मिळून ठरवीत. एका फडांत एकच पीक असे. पाटकरी पाणी देई, जागल्या पीक राखी. पाणी उणें दिसलें कीं पेराही उणा होई.

पुढें वरच्या अंगास धरणें झालीं, खासगी विहिरी वाढल्या, तसे पुष्कळ फड क्षीण झाले. १८८२ च्या ईझमेंट अॅक्टानें भूगर्भांत निश्चित प्रवाहावांचून असलेल्या पाण्यावर जमीनमालकाचा हक्क मानिलेलाच होता. मोट होती तोंपर्यंत त्या हक्कास बैलांच्या बळाची मर्यादा होती. एंजिन आलें, वीज आली, बोअर आला, आणि ती मर्यादा सुटली.

महसुलाच्या चाकरींत आम्हीं सातबाऱ्यावर विहिरींच्या नोंदी वर्षानुवर्षें केल्या. एका गांवीं एकाची विहीर आटली म्हणून त्यानें बोअर घेतला. त्यामुळें शेजाऱ्याची विहीर आटली. त्यानें कर्ज काढून अधिक खोल बोअर घेतला. तिसऱ्यानेंही तेंच केलें. अखेर पाणी कोणाकडेच उरलें नाहीं. बोजा मात्र तिघांच्याही उताऱ्यावर चढला. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखांत पाणी मुरमांतून व खडकाच्या भेगांतून हिंडतें. त्यास गट नंबर ठाऊक नाहीं.

कोणी म्हणतील, कायदा आहे. १९९३ च्या कायद्यानें सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून विहीर घेण्यास मनाई केली. त्याच्या जागीं २००९ चा अधिक व्यापक कायदा आला. परंतु गांवाच्या मनांत नसेल तर केवळ कागदानें पाणी राहत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. नगरकडील हिवरे बाजार येथें पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडितात, व शेतीसाठीं बोअर घेण्यास गांवानेंच बंदी केली.

आमची सूचना एवढीच कीं, रब्बीच्या पेरणीपूर्वीं विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेंत पेरा ठरवावा. यांत आपल्या हक्कास बाध येतो, असें कित्येक बागाईतदारांस वाटेल. परंतु कोरड्या विहिरीवरील हक्क घेऊन करावयाचें काय?