कंपास बाकाच्या कडेला

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवताना 'ळ' आम्हाला दरवर्षी छळतो. सहावीतली मुलं 'फळा'ला 'फला' म्हणतात, 'बाळ'चा 'बाल' करतात आणि वर एकमेकांना हसतात. यंदा एक हळव्या स्वभावाचा मुलगा धडा वाचताना असाच अडखळला, वर्ग हसला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आमच्या तोंडून निघून गेलं, "अरे, मुलगा असून रडतोस?" वर्ग दुप्पट हसला. आमचं बी.एड. त्या क्षणी कुठे गेलं होतं, कोण जाणे.

मग मराठीच्या तासाला त्याचं पोट दुखू लागलं. आठवड्याने अम्मी भेटायला आल्या. घरी तो म्हणे, "मेरे कू मराठी का पिरियड नक्को." अब्बांनी 'मर्द बन' म्हणून दम भरला होता. त्याने रडणं थांबलं नाही. सगळ्यांसमोर पुन्हा रडू येईल ही धास्ती तेवढी वाढली. आणि धास्तीने रडू आणखी लवकर येतं.

हजरत मुहम्मद (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम अखेरचे श्वास घेत होते, तेव्हा त्यांचे डोळे वाहू लागले. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी नवलाने विचारलं, आपणसुद्धा? ही रहमत आहे, असं त्यांना उत्तर मिळालं. बुखारीतली ही हदीस आम्हा सगळ्यांना ठाऊक असते. वर्गात नेमकी आठवत नाही.

पण 'रडण्यात लाज नाही' एवढं सांगून मुलाचं भागत नाही. उद्या त्याला त्याच पोरांत बसायचं असतं. म्हणून आम्ही आधी वर्गासमोर कबूल केलं, की त्या दिवशी आमचं चुकलं. लांबलचक उपदेश टाळला, कारण त्याने सगळ्या नजरा पुन्हा त्याच्याकडेच वळल्या असत्या. मग त्याच्याशी एक खूण ठरवली. गळा दाटून आला की कंपास बाकाच्या कडेला ठेवायचा. आम्ही काही विचारणार नाही. त्याने नळावर जावं, तोंड धुवावं, दोन घोट पाणी प्यावं, श्वास हळूहळू सोडत वीस आकडे मोजावेत आणि परत यावं. परत येणं फार महत्त्वाचं. रडलं की घरी जाता येतं हे एकदा मनात बसलं, की शाळा आणखी अवघड होते.

कोणी चिडवलं तर म्हणायचं वाक्यही ठरलं: "हो, आलं रडू. आता झालं." घरी अम्मी चिडवणारा मुलगा झाल्या आणि त्याने हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. दोघं हसून लोटपोट झाले म्हणे! अब्बांना आम्ही एवढंच सांगितलं, की रोज संध्याकाळी 'आज रडलास का?' विचारू नका. डबा कोणाबरोबर खाल्ला, ते विचारा.

मात्र मुलाला रोज नावं ठेवली जात असतील, मारलं जात असेल, तर खुणेवर विसंबू नका. थेट वर्गशिक्षकांना भेटा. तिथे बदलायचं ते शाळेने.

गेल्या मंगळवारी कंपास कडेला आला. तो बाहेर गेला, परत आला आणि त्याच ओळीपासून पुढे वाचू लागला. 'फला' म्हणालाच. मागच्या बाकावरून एकाने दुरुस्त केलं, "फला नाही रे, फला!"