नरकाचा धाक आम्हाला दाखवू नका

आर्वीतल्या आमच्या वस्तीत हल्ली नरकाचा धंदा जोरात आहे. आठवड्यातून एकदा मांडव पडतो, भाड्याचा कर्णा लागतो आणि बाहेरून आलेला उपदेशक गळा काढून विचारतो, आज रात्री मेलास तर कुठं जाशील? दिवसभर दुसऱ्याच्या कापसात, वीटभट्टीवर, लोकांच्या खरकट्या भांड्यांत अर्धी मेलेली माणसं घाबरून वर बघतात. अरे, ज्याला उद्या सकाळी काम मिळेल की नाही माहीत नाही, त्याला तू मेल्यानंतरचा पत्ता विचारतोस?

मी मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो, कविता करतो, मॅट्रिकच्या पुढे शिकलेलो नाही. धर्मशास्त्र मला कुणी शिकवावं, ऐकून घेईन. भीती मात्र शिकवू नका. भीतीतलं मला कळतं.

गोदीत क्रेनला माल लटकत असतो. टोळीतला जुना गडी ओरडतो, हट बे, खाली उभा राहू नको! ही पण भीतीच. पण वर लटकलेलं ओझं खरं आहे, डोळ्याला दिसतं. बाजूला सरकायला जागा आहे. आणि ओरडणारा बदल्यात काही मागत नाही. या भीतीनं माणूस जगतो. दुसरी भीती वेगळी. तिच्यातलं ओझं दिसत नाही, सरकायला जागा नाही, आणि सुटकेची किल्ली नेमकी घाबरवणाऱ्याच्याच खिशात. या भीतीनं माणूस गुलाम होतो. कोणताही धर्म दारात आला की मी एवढंच तपासतो. याची भीती पहिली की दुसरी?

आमच्या नात्यातल्या एका मावशीचं सांगतो. साखरेचा आजार, पायाला जखम. उपदेशकानं सांगितलं, आजार हे पापाचं फळ, आणि गोळी घेतेस म्हणजे तुझा प्रभूवर भरवसा नाही. मावशीनं गोळ्या चुलीत टाकल्या. पुढं पायाची दोन बोटं कापावी लागली. उपदेशक म्हणाला, विश्वास कमी पडला. बघा हा हिशेब! बरी झाली तर देवाची कृपा, सडली तर मावशीचा दोष. असा बिनतोट्याचा धंदा सावकारालाही जमला नाही. मावशी मला विचारते, "बाबू, मी कोणतं पाप केलं रे?"

मावशी, या प्रश्नाची तपासणी बाबासाहेबांनी आधीच केलेली आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांबद्दलचं त्यांचं लिखाण त्यांच्या मागे, १९८९ साली, त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात छापून आलं. त्यात त्यांनी मर्मावर बोट ठेवलंय. अस्पृश्य हिंदू असतो तेव्हा त्याला सांगतात, तुझी ही दशा तुझ्या मागल्या कर्मानं. तो ख्रिस्ती होतो तेव्हा सांगतात, तुझं पतन पूर्वजाच्या पापानं. दोन्हीकडे त्याला सुटका नाही. मी म्हणतो, दोन्हीकडे आरोपी तोच, आणि ज्यानं त्याला गावकुसाबाहेर टाकलं तो पाटील, तो भट, तो सावकार साक्षीदारांच्या यादीतसुद्धा नाही! ज्यांचं पाप आहे ते मांडवात येत नाहीत. ज्यांच्यावर पाप झालं तेच गुडघ्यावर बसून क्षमा मागतात.

हे आजचंच नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या. वर्धा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात. भुकेनं मरणाऱ्या शेकडो पोरीबाळी त्यांनी उचलल्या आणि पुण्याजवळच्या केडगावी नेल्या. जेवू घातलं, अक्षर दिलं, हाताला काम दिलं. त्या बाईपुढं आमची मान झुकते. पण १९०५ च्या जूनमध्ये त्याच केडगावच्या मुक्तीत मोठं धर्मजागरण झालं. पोरी ढसढसा रडल्या, आगीत पडल्यासारख्या तळमळल्या, पापं कबूल करत राहिल्या. त्यांत दुष्काळातून वाचलेल्या पुष्कळ. त्यांची कोणती पापं? उपाशी राहिल्याचं पाप? बाईच्या जन्माला आल्याचं पाप? ज्यांनी दुष्काळात धान्य दाबून ठेवलं, ज्यांनी पोरी विकत घेतल्या, ते कुठल्या मांडवात रडले?

आणि गंमत बघा. रमाबाई स्वतः अशा दबणाऱ्या नव्हत्या. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या चर्चवाल्यांशी पत्रांतून भांडत राहिल्या. एका पुरोहितशाहीच्या जुवातून मान सोडवली ती दुसरीच्या जुवाखाली घालणार नाही, असा त्या पत्रांचा रोख आहे. ही रमाबाई मांडवात कुणी सांगत नाही. सांगितली तर उपदेशकाचं काय राहील?

आता तुमच्याच पुस्तकाकडे येऊ. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाची गोष्ट आहे. शिष्य येशूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही, आईबापांचंही नाही. ऐकलं का उपदेशकसाहेब? गालिलीतल्या त्या सुताराच्या पोरानं तुमचा आणि कर्मविपाकाचा हिशेब एका दमात फाडून टाकलाय. त्याच योहानाच्या नावावरच्या पहिल्या पत्रात, प्रेम पुरं झालं की भीती बाहेर पडते, अशा अर्थाचं लिहिलंय. आत्मा आणि शरीर नरकात घालणाऱ्याला भ्या, असंही येशूच्या तोंडी आहे, मत्तयात. मला माहीत आहे, मी दोन्ही वाचलंय. प्रश्न हा की वस्तीत येताना तुम्ही कोणतं पान उघडून आणता? साहेबाच्या बंगल्यावर प्रेमाचं पान आणि आमच्याकडे नरकाचं?

नरकाच्या पापांची यादी कोण करतो, तेही विचारा. ८ जुलै १७४१ रोजी अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एन्फिल्ड गावी जोनाथन एडवर्ड्स नावाच्या पाद्र्यानं प्रवचन केलं. संतापलेल्या देवानं पापी माणसाला कोळ्यासारखं आगीवर धरलंय, असं त्यानं चित्र उभं केलं. लोक किंचाळायला लागले. हाच एडवर्ड्स काळी माणसं विकत घेऊन घरी गुलाम म्हणून राबवत होता. त्याच्या नरकात पुष्कळ पापी होते, पण माणूस विकत घेणं हे त्या आगीत जाण्याजोगं पाप त्याला वाटलं नाही. म्हणजे नरकसुद्धा मालकाच्या सोयीनं पेटवला जातो!

कुणी म्हणेल, मिशनऱ्यांनी तुम्हाला शाळा दिल्या, दवाखाने दिले, विसरलात? नाही विसरलो. ज्या काळात आमच्या सावलीचा विटाळ होता त्या काळात त्यांनी आमच्या पोरांना पाटी दिली. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, नगरची मिशनची मुलींची शाळा बघून आले आणि १८४८ साली स्वतः शाळा काढली. पण जोतीरावांनी मिशनकडून पाटी घेतली, नरक घेतला नाही. १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तो देव आणि माणूस यांच्यातला दलाल हाकलायला. त्यांचा निर्मिक कुणाला आगीवर धरत नाही. श्रद्धा ठेवायचीच असेल तर अशी ठेवता येते, हे आमच्याच मातीतल्या माणसानं दाखवलंय.

आता दुसऱ्या बाजूला हसणाऱ्यांनी आपले दात आत घ्यावेत. मी उपदेशकावर बोललो की शेंडीवाल्यांना गुदगुल्या होतात. थांबा, तुमचाही नंबर आहे.

१९५४ साली मध्य प्रदेश सरकारनं ख्रिस्ती मिशनऱ्यांची चौकशी करायला समिती नेमली. आर्वी तेव्हा मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. अध्यक्ष नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. १९५६ साली अहवाल आला, मिशनऱ्यांवर कडक. पुढं ओरिसात १९६७ साली आणि मध्य प्रदेशात १९६८ साली धर्मांतराचे कायदे झाले. त्यांत 'बळजबरी'च्या व्याख्येत देवाच्या कोपाची धमकीसुद्धा घातलेली आहे. १९७७ साली सुप्रीम कोर्टानं हे कायदे उचलून धरले.

वाचायला बरं वाटतं. देवाच्या कोपाची धमकी हा गुन्हा! मग सत्यनारायणाच्या पोथीचं काय? प्रसाद टाकून गेली म्हणून कलावतीच्या नवऱ्याची नाव बुडते. मी गोदीत काम करतो, म्हणून सांगतो, नाव भोक पडल्यानं बुडते, वादळानं बुडते, माल वेडावाकडा भरल्यानं बुडते. शिऱ्याच्या प्रसादानं बुडालेली एकही मी पाहिली नाही. ती पोथी घरोघर वाचतात, सरकारी कचेऱ्यांतसुद्धा पूजा घालतात. त्या धमकीला कलम लागत नाही, कारण ती माणसाला बाहेर काढत नाही, आतच डांबून ठेवते. म्हणजे कायद्याचं भांडण भीतीशी नाहीच. दाराशी आहे! कोंडून ठेवणारी भीती ही संस्कृती, आणि बाहेर बोलावणारी भीती हा गुन्हा.

आणि इतिहास कसा थोबाडीत मारतो बघा. ज्या नियोगींच्या अहवालाचे दाखले धर्मांतराविरुद्ध अजून फेकतात, तेच नियोगी त्याच १९५६ साली ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांबरोबर बौद्ध झाले. हायकोर्टाचा मुख्य न्यायमूर्ती राहिलेला म्हातारा माणूस धर्म सोडतो, कुणाच्या धाकानं? कुणाच्याच नाही. लाखो माणसं तिथं उभी होती. बावीस प्रतिज्ञा काढून वाचा. हे करीन, हे करणार नाही, एवढंच आहे. नाही केलंस तर जळशील, असं एकाही प्रतिज्ञेत नाही. १९५० साली महाबोधी मासिकातल्या लेखात बाबासाहेबांनी हाच फरक मांडला. येशूनं स्वतःला देवाचा पुत्र म्हणवलं आणि ते मानणं ही देवाच्या राज्यात शिरायची अट झाली. बुद्धानं असली अट घातली नाही. तो मोक्ष देणारा नाही, वाट दाखवणारा आहे. गोदीतला जुना गडी सांगतो तसं, हट, बाजूला हो. पाय तुझे, चाल तू.

ख्रिस्ती झालेल्या दलित भावा, तुझ्यावर माझा राग नाही. तू ज्या गावातून पळालास तिथूनच मी पळालो. तुझी खरी भीती मला माहीत आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचं दार हिंदूंपुरतं ठेवलं. १९५६ साली शिखांना आत घेतलं, १९९० साली बौद्धांना. तू बाहेरच राहिलास. कागदावर एक नाव आणि रविवारी दुसरं, असं पुष्कळांना जगावं लागतं. चर्चमध्ये जात सुटली म्हणावं तर कितीतरी ठिकाणी कबरस्तानसुद्धा वेगळं. या भीतीवर तुझा उपदेशक कर्ण्यावरून कधी बोलला का? बोलला असता तर मी त्याच्या मांडवाच्या बल्ल्या वाहिल्या असत्या. तुझ्यातलेच अरविंद निर्मळ १९८१ साली बंगळूरच्या धर्मविद्यालयात उभे राहून धर्मशास्त्रात खालच्यांचा आवाज मागत होते. तो ख्रिस्त माझ्या ओळखीचा आहे. त्याच्याशी माझं पटेल.

आर्वी गाव तेलंगराव वलीनं वसवलं, असं जुनी गॅझेटियरं सांगतात. हिंदू म्हणत तो ब्राह्मण, मुसलमान म्हणत तो आमचा, आणि कबरीवर दोघंही जात. त्यांना तिथं जाण्यासाठी कुणाला नरक उघडून दाखवावा लागला नाही. या गावाला श्रद्धा नवीन नाही. भीतीचे दलाल नकोत.

तेव्हा वस्तीतल्या पोरांनो, मांडव जाळू नका. कुणाच्या प्रार्थनेवर दगड टाकू नका, ते काम करणारे वेगळे आहेत आणि उद्या तेच आपल्या विहारावर येतील. तुम्ही मांडवात जा. पहिल्या रांगेत बसा. उभं राहून विचारा, मावशीची बोटं कुणाच्या पापानं गेली? जातीचं पाप तुमच्या यादीत कितव्या नंबरावर आहे? मावशीच्या गोळ्या बंद करायला सांगणारा तू कोण? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. आणि मावशीला हात धरून दवाखान्यात न्या. गोळ्या वेळेवर दिल्यात का ते रोज बघा. मग तिनं प्रार्थना करावी, वंदना म्हणावी, नाहीतर नुसतं गप पडून राहावं. तो तिचा अधिकार.

आम्ही नरकात जन्मलो, नरकात वाढलो, आणि त्याच्या भिंती कुणी बांधल्या त्यांची नावं आम्हाला पाठ आहेत. आम्हाला दुसऱ्या नरकाचा धाक दाखवू नका.

जय भीम!