बिब्बाही झाडालाच येतो

भाचीच्या लग्नाला महिना उरला आणि तिच्या गालांवर, मानेवर भाजल्यासारखे फोड आले. ते बसले तेव्हा चॉकलेटी पट्टे मागे राहिले. ‘काही म्हणजे काही केमिकल लावलं नव्हतं गं मावशी,’ हे ती आणि तिची आई आळीपाळीने सांगत होत्या. लावलं होतं बावचीचं तेल, काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेलं, अस्सल. बावचीत ‘नैसर्गिक रेटिनॉल’ असतं असं तिला कुणीतरी सांगितलं. तिने ते सकाळी चोपडलं आणि भर मे महिन्यात स्कूटरवरून पत्रिका वाटत फिरली. त्वचेच्या डॉक्टरांनी तेलाचं नाव ऐकलं आणि पुढचं काही विचारलंच नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ताई म्हणाली, ‘पण ते नैसर्गिक होतं ना!’

माझं भांडण ताईशी नाही, या वाक्याशी आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो खुळा नाही. प्रसाधनं विकणारे वाढवून-चढवून बोलतात. सावळेपणाची लाज विकून त्यांनी दोन पिढ्यांकडून पैसा काढला. मुरुमांवर आणि सुरकुत्यांवर आज जगभर वापरलं जाणारं ट्रेटिनॉइन पुढे आणणारे अल्बर्ट क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या कातडीवर वर्षानुवर्षे प्रयोग केले, आणि त्या इतिहासाचं समर्थन कुणी करू नये. अशा लोकांच्या नळीतलं मलम लावण्यापेक्षा आजीच्या डब्यातलं पीठ काय वाईट, असं कुणाला वाटलं तर त्यात नवल नाही. शंका रास्त आहे. तिच्यातून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकतो: कारखान्यातलं ते विष, झाडावरचं ते अमृत. (पाणीसुद्धा रसायनच, हा ठरावीक टोमणा मी मारणार नाही. तो बरोबर असला तरी त्याने आजवर कुणाचं मत बदललेलं मी पाहिलं नाही.)

बिब्बा घ्या. झाडालाच येतो, त्यात कुणी काही मिसळत नाही. पूर्वी धोबी त्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करायचे, आणि त्या खुणांनीही काहींच्या मानेला पुरळ यायचं. बिब्बा उतला की काय होतं ते खेड्यातल्या माणसाला विचारा. आपण ‘कामात बिब्बा घालणं’ म्हणतो ते उगाच नाही. आणि त्याच बिब्ब्यातली गोडंबी आपण डिंकाच्या लाडवात घालून बाळंतिणीला देतो. फळ एकच, पण टरफलातल्या तेलाने फोड येतात आणि आतला गर पोटात जातो. आपल्या बायकांना हा भेद पक्का ठाऊक होता. ‘बिब्बा नैसर्गिक आहे, चोळा तोंडाला’ असं कुठल्याही आजीने म्हटलेलं नाही. परंपरेच्या नावाने आज जे खपवलं जातं, त्यात परंपरेचं हे तारतम्यच गाळलेलं असतं.

बावचीची गोष्ट याहून बोलकी आहे. तिच्या बियांत बाकुचिऑल नावाचं द्रव्य असतं. १९६६ साली गोवर्धन मेहता, नायक आणि सुख देव यांनी त्याची ओळख शास्त्रीय जगाला करून दिली, तीही कुठे परदेशात नव्हे, पुण्यात पाषाणजवळच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. पुढे अर्ध्या शतकाने, २०१९ मध्ये, त्याची रेटिनॉलशी तुलना प्रसिद्ध झाली. ४४ माणसं, १२ आठवडे, दोन्ही द्रव्यं अर्धा टक्का. सुरकुत्या आणि डाग दोन्हीकडे सारखेच कमी झाले, आणि चुणचुण नि सालपटं निघणं रेटिनॉलच्या बाजूला जास्त होतं. यावरूनच ‘नैसर्गिक रेटिनॉल’ची आरोळी उठली. पण त्याच बियांत सोरालेनही असतं. हे द्रव्य त्वचेत मुरलं आणि वर ऊन पडलं, की उन्हातल्या अतिनील किरणांच्या जोरावर ते पेशीतल्या डीएनएला जाऊन चिकटतं. कोडाच्या डागांत रंग परत आणण्यासाठी हाच गुण वापरतात. बावची लावून रोग्याला उन्हात बसवणाऱ्या जुन्या वैद्यांना तो अनुभवाने माहीत होता, आणि आजचे डॉक्टर प्रकाशाची मात्रा मोजून देतात. भाचीने मात्रा न मोजता तोच उपचार कोड नसलेल्या गालांवर करून घेतला. प्रसाधनातलं बाकुचिऑल सोरालेनपासून वेगळं काढलेलं असतं, आणि ते वेगळं काढण्याचं काम, ताई, केमिकलवालेच करतात.

आता उलट बाजूच्यांनी फार खूश होऊ नये. २०१९ च्या त्या तुलनेत बाकुचिऑल दिवसातून दोनदा लावलं होतं, रेटिनॉल एकदाच. नुसतं साधं क्रीम लावणारा तिसरा गट नव्हताच. म्हणजे झालेला फायदा द्रव्याचा किती आणि रोज नेमाने ओलावा मिळाल्याचा किती, हे त्यातून कळत नाही. आश्वासक आहे म्हणावं आणि थांबावं.

हाच प्रश्न जाहिरातींना विचारला की त्यांचा फुगा फुटतो. कोलॅजनचं क्रीम घ्या. कोलॅजनचा रेणू सुमारे तीन लाख डाल्टनचा, आणि त्वचेच्या वरच्या थरातून साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठं काही सहसा आत जात नाही. म्हणजे दाराच्या फटीतून हत्ती नेण्याचा प्रकार! ते वर बसतं, ओल धरून ठेवतं, चेहरा दोन तास तुकतुकीत दिसतो. एवढंच सांगून विकावं, माझी हरकत नाही. ‘वैद्यकीय चाचणीत सिद्ध’ असं खोक्यावर छापलेलं दिसलं, की कशाच्या तुलनेत सिद्ध, हे शोधा. बहुधा ते छापलेलं नसतं. लिंबाचंही तसंच. क जीवनसत्त्वाचा त्वचेवर उपयोग आहे, पण ज्या प्रयोगांतून तो दिसला त्यांत मात्रा दहा ते वीस टक्के होती. लिंबाच्या रसात ते एका टक्क्याच्या विसाव्या हिश्शाएवढं असतं, आणि आग करणारं सायट्रिक आम्ल त्याच्या शंभरपट.

मग खरं काय उरतं? थोडं उरतं, पण ते भक्कम आहे. १९८८ मध्ये मिशिगनमध्ये ३० जणांवर ट्रेटिनॉइनची चाचणी झाली. एका हातावर औषध, दुसऱ्यावर तेच मलम औषधाविना, आणि कुठला हात कुठला हे ना रोग्याला माहीत, ना तपासणाऱ्याला. १६ आठवड्यांनी फरक औषधाच्या हातावर दिसला, शिवाय त्वचा लाल होऊन सोलवटण्याचा त्रासही तिथेच दिसला, आणि तोही लिहून ठेवला गेला. मला या चाचणीचं सौंदर्य तिच्या निकालापेक्षा त्या दुसऱ्या हातात वाटतं. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावी १९९२ पासून साडेचार वर्षं लोकांना सनस्क्रीन लावायला दिलं. रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं वार्धक्य मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी निघालं आणि त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचं प्रमाणही घटलं. म्हणजे सगळ्यात जास्त पुरावा आहे तो सगळ्यात कंटाळवाण्या नळीला.

हळदीचा दाखला देणाऱ्यांनाही एक उत्तर द्यायचं राहिलं. अमेरिकेत १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर त्याविरुद्ध लढली आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. त्या लढाईचा मला अभिमान आहे. पण ‘अमेरिकेनेसुद्धा हळदीचं मोठेपण मान्य केलं’ हा जो अर्थ लग्नाघरी सांगितला जातो, तो त्या निकालात नाही. वाद एवढाच होता की हा उपयोग नवा आहे का. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा एक भारतीय शोधनिबंध पुढे ठेवून तो नवा नाही, हे दाखवलं गेलं. हळदीने रंग उजळतो का, हे तिथे कुणी विचारलंच नव्हतं. गंमत अशी, की ज्या प्रसंगाकडे आपण परंपरेचा विजय म्हणून पाहतो तो कागदोपत्री पुराव्याने जिंकला होता.

आणि पुरावा मागितला नाही तर काय होतं? केरळातल्या कोट्टक्कल या आयुर्वेदासाठीच नावाजलेल्या गावात डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांत एक विशिष्ट दुर्मीळ प्रकार सापडला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम लावत होते. क्रीममध्ये पारा निघाला. आपल्या कायद्याने अशा प्रसाधनात नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भाग एवढाच चालतो. पारा काही कुठल्या दुष्ट शास्त्रज्ञाने बनवलेला नाही, तोही निसर्गातलाच.

भाचीचे पट्टे फिकट व्हायला लागले, पूर्ण गेले नाहीत. डॉक्टरांनी सनस्क्रीन आणि धीर, दोनच गोष्टी लिहून दिल्या. हळदीच्या दिवशी ताईने वाटी पुढे केली तेव्हा नवरीने हात आडवा धरला. ‘ही हळद कुठून आणली? कोणी दळली?’

‘सांगलीची हळकुंडं आहेत, घरी दळली,’ ताई म्हणाली आणि माझ्याकडे वळून पुटपुटली, ‘घे, बिघडवलीस पोरगी.’