टीम लागली, पण निवडली कवा?

मागच्या आठवड्यात कौंडण्यपूरच्या स्टँडवर एक पोट्टा भेटला. बीए दुसरं वर्ष. रोज सकाळी नदीकडच्या मोकळ्या जागेत फुटबॉल खेळतो. मला म्हणे, "भाऊ, विद्यापीठाची टीम कवा निवडतेत? आमाले तं टीम गेल्यावरच समजते."

मी पत्रकार, वीस वर्षं बातम्या लिहितो. पण ट्रायल कधी, निवड समितीत कोण, कोच कोण, हे मलाही सांगता आलं नाही. खरं सांगतो, लाज वाटली.

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाकडे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम असे पाच जिल्हे आहेत. मैदानात उतरणार अकरा. ते अकरा कोणत्या कॉलेजचे, तालुक्याच्या कॉलेजातले किती, मुलींचा संघ किती दिवस सरावाला होता, हे बघायचं कुठं?

पैसा तर प्रत्येक पोरगं भरतंच. प्रवेशाची पावती काढून बघा, क्रीडा शुल्काची ओळ असते. बॉलला कधी हात न लावलेली पोरगीही भरते. मग त्यातून बूट किती आले, रेल्वेचं तिकीट किती, कोचचं मानधन किती, हे तिच्या बापाला कळायला नको का?

कोचचं दुखणं आणखी वेगळं. अनुदानित महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाचं पद एकच. साहेब रिटायर झाले की पद रिकामं, आणि मग इतिहासाचे सर शिट्टी गळ्यात घालून उभे. त्यांची चूक नाही, बिचारे करतात तेवढं करतात. २०१८ ला सरकारनं भरतीला मान्यता दिली ती १३९ पदांना, तीही अख्ख्या राज्यासाठी. अनुदानित महाविद्यालयं हजाराच्या वर आहेत, हिशेब तुम्हीच लावा.

आणि वऱ्हाडात खेळाची माती नाही असं कोणी म्हणू नये. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अमरावतीत १९१४ पासून आहे. १९३६ ला तिथले गडी बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारं कॉलेज आपल्याच शहरात, अन् चाळीसेक किलोमीटरवरच्या पोराला कोच नाही!

अमेरिकेत १९९४ चा एक कायदा आहे. मुलं-मुली एकत्र शिकतात अशा, सरकारी मदत घेणाऱ्या आणि इतर कॉलेजांशी खेळणारे संघ असलेल्या प्रत्येक कॉलेजला दरवर्षी १५ ऑक्टोबरपर्यंत जाहीर करावं लागतं की मुलांच्या संघात किती, मुलींच्या किती, कोच किती, त्यांचा पगार किती, खर्च किती. छोट्यातलं छोटं कॉलेजही यातून सुटत नाही.

आपल्याकडे कायदा नाही असं थोडंच आहे? माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ म्हणते, अंदाजपत्रक आणि खर्च कोणी मागायच्या आधी स्वतःहून जाहीर करा. विद्यापीठाला एक पान छापायला सांगतोय, स्टेडियम बांधा म्हणत नाही. त्या पानावर खेळाडूचं कॉलेज, कोचची पात्रता, जमा आणि खर्च एवढं असलं की झालं. आणि ट्रायलची तारीख पंधरा दिवस आधी प्रत्येक कॉलेजच्या फळ्यावर लागली पाहिजे.

मी दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीचा अर्ज तयार केलाय, सोमवारी टाकतो. उत्तराला तीस दिवस. आलं की जसंच्या तसं इथंच टाकीन. तोवर ज्यांच्याकडे यंदाची पावती आहे, त्यांनी नाव झाकून फोटो मला पाठवा. क्रीडा शुल्काची ओळ दिसली पाहिजे.